डोळे बांधून आखलेली बाडी

सकाळी गॅसवर चहाचं आधण ठेवलं की माझा मोबाइल वाजायचा. मी 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून एकच शब्द यायचा, "पोचली." आणि फोन बंद. कशी आहेस नाही, नातवंडं काय करतात नाही, काही नाही. केशोरीच्या अलीकडच्या एका लहानशा गावात एकट्या राहणाऱ्या माझ्या सासूबाईंचा हा रोजचा फोन होता. माझे पती खेमराज, मुलं, मी, आम्ही सगळे त्यांना माय म्हणायचो. सकाळी विहिरीवरून पाणी आणून, गाईला चारा टाकून, आंघोळ करून माय घरात परत आली, एवढंच त्या एका शब्दातून आम्हाला कळायचं आणि गोंदियाजवळच्या कुडव्यातल्या आमच्या घराचा दिवस सुरू व्हायचा. त्या दिवशीही फोन वेळेवरच वाजला. मी सवयीनं तो स्पीकरवर टाकला आणि साखर घालत राहिले. पण आवाज मायच्या शेजारच्या यमुनाकाकीचा होता. "सूनबाई, खेमूले फोन दे वं... माय बोलूनच नाई राहिली."

आम्ही पोचलो तेव्हा माय अंगणातल्या तिच्या खाटेवरच होती, कढीपत्त्याच्या झाडाखाली. यमुनाकाकीनं तिला नीट निजवलं होतं. रडणं, माणसांची ये-जा, कोणी सरपणाचं बघतंय, कोणी नातेवाइकांना फोन करतंय, या सगळ्यात माझी नजर विहिरीकडे गेली. भरलेली बादली कठड्याच्या डाव्या अंगाला, तिच्या ठरलेल्या जागी होती. दोर गुंडाळून खुंटीला अडकवलेला. गाईपुढे चारा पडलेला. म्हणजे फेरी पूर्ण झाली होती. फक्त आम्हाला सांगायचं राहून गेलं होतं... त्या गर्दीत मला रडू यायच्या आधी एक वेगळीच गोष्ट वाटली. आजही ती नीट सांगता येत नाही. मोठ्या डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो ना, तशी मी गप्प झाले होते.

मायला दिसत नव्हतं, हे सांगायला हवं. आणि तिच्या दिसण्या-न दिसण्याची गोष्ट सांगायची तर बरीच वर्षं मागे जायला हवं. दिवाळी झाली होती, धान कापून बांधीतून खळ्यावर आलं होतं. मायला विहिरीवर दोनदा ठेच लागली म्हणून आम्ही तिला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आणलं. काचबिंदू निघाला. एक डोळा जवळपास गेलेला, दुसराही जाणार. औषधाचे थेंब टाकून थोडा लांबवता येईल, पण गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. खेमराज खुर्चीत खचलेच. माय मात्र भाजीवाल्याशी बोलावं तशी बोलली. "होळीपर्यंत दिसल ना?" डॉक्टर म्हणाले, तेवढं दिसायला हरकत नाही. "मग झालं तर," माय म्हणाली आणि उठली. बाहेर येऊन तिनं गरम कचोरी मागितली, वरून चटणी वाढवून घेतली आणि चवीनं खाल्ली. आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. मला तेव्हा वाटलं, हिला काही समजलेलंच नाही!

समजलं नव्हतं ते आम्हाला. त्या संध्याकाळी कुडव्याच्या घरात खेमराजांनी विषय काढला. वरची खोली रिकामी आहे, खिडकीतून वारा येतो, आता गावाकडे एकटीनं राहायचं नाही. मायनं सगळं ऐकून घेतलं. आमचं कूळ मूळचं माळव्यातलं, पिढ्यान्‌पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, याचा मायला भारी अभिमान. ती म्हणाली, "आपले लोक माळव्यातून एकदा उठून आले, तेवढं पुरे झालं गा खेमू. आता मी कुठी जात नाई." खेमराज चिडले. "आंधळी होऊन विहिरीत पडशील माय, मंग?" ते बोलून गेले. मायनं पदर सारखा केला. "होळीपर्यंत थांब," ती म्हणाली. "होळीच्या दिवशी तू माया डोळ्यावर फडकं बांध. मी विहिरीवरून पानी आनीन, गाईले चारा टाकीन, नहानीत जाईन अन् घरात येईन. कोनाचा हात नाई लागला तर मी तिथंच राहीन. लागला, तर तू म्हनशील तिथं येईन." अशी बोली झाली. मायनं शब्द दिला म्हणजे दिला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. हरली असती तर ती गपचूप कुडव्याला आली असती, वरच्या खोलीत बसून राहिली असती आणि महिनाभरात वाळून गेली असती. हेही आम्हाला ठाऊक होतं.

नाताळच्या सुट्टीत मी मुलांना घेऊन गावी गेले. आमच्याकडे घरामागच्या भाजीपाल्याच्या जागेला बाडी म्हणतात. मायच्या बाडीत तोवर वाल, वांगी, मिरच्या, पपई असं काहीबाही जिथं जागा मिळेल तिथं उगवलेलं असायचं. घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूचं म्हणजे कौलांचं छप्पर, मागे अंगण, अंगणापलीकडे बाडी, बाडीच्या कडेला विहीर आणि गोठा. मी फाटकातून आत शिरले तर माय भर अंगणात खाट टाकून बसलेली, डोळ्यांवर पदर गच्च बांधलेला. गावातल्या बायका कुंपणावरून बघून जात होत्या. यमुनाकाकीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, "मायच्या डोक्यावर परिनाम झाला का वं?" मी जवळ जाऊन म्हटलं, "माय, काय करून राहिल्या?"

"पाहून राहिली."

"डोळे बांधून?"

"उघड्या डोळ्यानं जनमभर पाह्यलं. आंगन दिसलंच नाई कधी."

पुढचे कितीतरी दिवस माय ती खाट फिरवत होती. एक दिवस विहिरीजवळ, एक दिवस गोठ्यापाशी, एक दिवस नहाणीच्या दाराशी. सकाळी बसायची ते ऊन उतरेपर्यंत. मग पदर सोडून आम्हाला सांगायची. इथं बसलं की दुपारी ऊन उजव्या गालावर येतं. तिथं बसलं की यमुनाच्या घरची चक्की ऐकू येते, दोन हात सरकलं की भिंत आड येते आणि आवाज बुजतो. गोठ्याला खूण नको, गाय स्वतःच पुरेसा वास मारते, असं म्हणून हसायची. मी त्या अंगणात नवी नवरी म्हणून आले होते, माझी दोन्ही मुलं तिथं रांगली होती. पण अंगणाला आवाज असतो आणि तो हाताहातावर बदलतो, हे मला त्या सुट्टीत कळलं.

वास कामाला येणार एवढं ऐकल्यावर माझ्या अंगात उत्साह संचारला. गोंदियाच्या रोपवाटिकेत जाऊन मी मोगरा, जाई, रातराणी, सोनचाफा असं हाताला येईल ते घेतलं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, ये रातराणी लगाओ, पूरा मोहल्ला महकेगा." मी खूश! गावी नेऊन रोपं मायपुढे मांडली. तिनं एकेक हुंगलं आणि रातराणी बाजूला सारली. "हे सगळीकडं वास मारल, तर मी कुठी आहो ते मले कसं कळल?" तिला वास हवा होता तो हात लागला तरच येणारा, पदर घासला तरच सुटणारा. विहिरीच्या वाटेवर तिनं गवती चहा लावला, जाता-येता लुगड्याला घासेल असा. नहाणीच्या सांडपाण्यावर पुदिना. वाट जिथं विहिरीकडून गोठ्याकडे वळते त्या वळणावर कढीपत्ता, हाताच्या उंचीला पानं येतील असा. एका ठिकाणी एकच वास, दुसरीकडे तो नाही. माझ्या मोगऱ्याला समोरच्या दारी जागा मिळाली. "पावन्याले वास येऊ दे," माय म्हणाली. जाई आणि सोनचाफा यमुनाकाकीकडे गेले. रातराणी मी निमूटपणे परत कुडव्याला आणली.

जे नाकाचं तेच पायांचं. अंगण शेणानं सारवलेलंच राहिलं, वाटेवर मुरूम आला. विहिरीभोवती मायनं फुटक्या कवेलूंचा चुरा पसरवला. पाय पडला की करकर वाजायचा, म्हणजे आता सावध, पुढे कठडा. कठडा तिनं कमरेएवढा वाढवून घेतला. घरात फळ्या कोपराच्या उंचीवर आल्या, आणि मीठ, तिखट, साखर यांचे डबे वेगवेगळ्या घाटाचे. खेमराजांची फार इच्छा होती की निदान कवेलू काढून पत्रे टाकू, दरवर्षी कवेलू फेरायचा, काढून पुन्हा रचायचा त्रास तरी वाचेल. मायनं साफ नाही म्हटलं. "पत्र्यावर पानी पडलं का कोन आलं, कोन गेलं, काई ऐकू येत नाई. डोळे तर जाऊनच राहिले, कान कायले घालवता?" कवेलूच राहिले.

माय काही देवी नव्हती. चुकायचीही, आणि चुकली की मान्य करायला तिच्या जिवावर यायचं. गोठ्याच्या दाराशी तिनं हौसेनं लिंबू लावलं, पान चुरलं की काय वास येतो म्हणून. डोळे बांधून हात घातला आणि काट्यानं दोन बोटं फाडून घेतली. "लिंबू बरोबर हाय, हातच वाकडा पडला," असं म्हणत तिनं तीन-चार दिवस ते झाड राखलं. मग एका सकाळी ते विहिरीपलीकडे लागलेलं होतं आणि कोणी त्याबद्दल काही विचारायचं नव्हतं.

पण खरी कसोटी पाहिली ती आम्हीच. माघात मायच्या माहेरी लग्न होतं. ती आठ दिवस गेली. खेमराजांच्या मनात आलं, माय परत येईपर्यंत तिला काहीतरी छान करून ठेवू. त्यांनी गोंदियाहून फरशी आणली, मिस्त्री आणले आणि स्वयंपाकघराच्या दारापासून विहिरीपर्यंत सगळं अंगण, सगळी वाट गुळगुळीत करून टाकली. मुरूम गेला, कवेलूचा चुरा गेला, गवती चहाही थोडा मागे सरला. आता ठेच लागायला एक खडा उरला नव्हता. आपल्या भागात ज्याला घर सुधारणं म्हणतात ते हेच, आणि त्यांनी ते अगदी मनापासून केलं होतं. माय आली. फरशीवरून पाय फिरवला. चहा घेऊन तिनं नेहमीसारखा पदर बांधला आणि पाणी आणायला निघाली.

दहा पावलांत ती हरवली. स्वतःच्या अंगणात, जिथं तिचा जन्म गेला तिथं. तिनं एकदा इकडे पाय टाकला, एकदा तिकडे. हात पुढे करून कढीपत्ता शोधला, तो मिळाला नाही. आम्ही दोघं ओसरीवर उभे होतो. ती थांबली आणि हळूच खाली बसली. पदर तसाच बांधलेला. "सारं एकसारखं झालं गा..." ती म्हणाली. आणि मग, मी तिच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं ते म्हणाली. "खेमू, चल, मले कुडव्याले घेऊन चल."

खेमराजांना हेच तर हवं होतं. तीन महिने ते याच वाक्याची वाट बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते मायजवळ गेले नाहीत, तिला उठवलं नाही, समजूतही काढली नाही. सरळ गोठ्यात गेले, तिथली सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आले आणि विहिरीच्या टोकाकडून फरशी उचकटायला लागले. नवी कोरी फरशी, चार दिवसांपूर्वीची. खाड खाड आवाज ऐकून मायनं मान वर केली. "काय करून राहिला रे?" ते घामानं निथळत होते आणि रडत होते. मायनं पदर सोडला, बघितलं, आणि बराच वेळ बघत राहिली. मग उठून म्हणाली, "हळू काढ. फुटली नाई तेवढी सैपाकघरात चुलीमागं लाव, धूर पुसाले बरी." आमच्या चुलीमागची भिंत आजही त्या फरशीची आहे.

महाशिवरात्रीपर्यंत मुरूम परत आला, चुरा परत आला, गवती चहा पुन्हा वाटेला भिडला. आमच्या भागातल्या प्रतापगडच्या यात्रेहून परतणारे आमचे नातेवाईक दरवर्षी मायकडे चहाला थांबतात. त्या वर्षीही दहा-बारा माणसं आली. नजर तोवर पार अंधुक झाली होती. ऊन आणि सावली यापलीकडे फारसं कळत नव्हतं, आणि तेही तिनं आम्हाला नंतर सांगितलं. तिनं पाणी आणलं, चहा केला, कपबशा दिल्या. कोण कुठे बसलंय हे आवाजावरून ओळखून प्रत्येकाच्या हातात दिल्या. एका म्हाताऱ्या मामांना तर म्हणाली, "तुमी बारीक झाले भाऊ." मामा खूश होऊन गेले. मंडळी फाटकाबाहेर पडल्यावर मी म्हटलं, "माय, मामा बारीक झाले हे कसं दिसलं तुम्हाला?" ती म्हणाली, "खाट कुरकुरली नाई यंदा." फाटकाशी उभी राहून मी किती तरी वेळ हसत होते, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले.

होळीच्या सकाळी बोलीप्रमाणे खेमराजांनी स्वतःच्या हातानं तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. त्याची फारशी गरज उरली नव्हती, पण मायला बोली पुरी करायची होती. पळस फुलला होता, यमुनाकाकीसकट अर्धी गल्ली कुंपणाशी जमलेली. माय निघाली. सारवलेल्या अंगणातून मुरुमावर, गवती चहाला लुगडं घासत, करकर वाजली तशी पाऊल आखडून कठड्याशी. तिथून ती मोठ्यानं ओरडली, "पोचली गा!" पाणी काढलं, वळणावर कढीपत्त्याचं पान खुडून नाकाशी नेलं, गोठ्यात जाऊन ओरडली, "पोचली!" नहाणीतून ओरडली. परत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहून मात्र हळू म्हणाली, फक्त खेमराजांना ऐकू येईल असं, "पोचली रे बाबा." खेमराजांनी तिचे पाय धरले. एकच अट घातली, रोज सकाळी फेरी झाली की फोन करायचा. तिनं ती शेवटपर्यंत पाळली.

त्यानंतर ती वर्षानुवर्षं तिथंच राहिली. पुढच्या पावसाळ्याअखेर उरलीसुरली नजरही गेली. मी तिला कधी चाचपडताना पाहिलं नाही. दर वर्षी माघ लागला की खाट पुन्हा फिरायची. कुठलं झाड वाढून वाटेवर आलं, कुठला आवाज बदलला, कुठं मुरूम हवा, याचा नव्यानं विचार व्हायचा आणि होळीच्या आत बाडी पुन्हा लावून व्हायची. मी एकदा तिला विचारलं होतं की, माय, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते ना वं. पन भीती कुठी वाटते ते मले ठाऊक हाय. तिथं चुरा टाकला हाय." मी शिकलेली बाई आहे, नोकरी करते, स्कूटीवर गावभर फिरते. पण माणूस आपल्या भीतीची जागा शोधून तिथं असा चुरा टाकून ठेवू शकतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिच्याकडे पाहून मी थक्क व्हायचे. आजही होते.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं. कोणी खाट ओसरीवर नेली, कोणी डबे खाली-वर केले, बादली कुठे तरी मांडवामागे गेली. संध्याकाळी पाहुणे पांगले आणि आम्ही तिघंच उरलो, खेमराज, मी आणि यमुनाकाकी. घराचं आता काय करायचं, हेच तिघांच्या मनात होतं. खेमराज उठले. एकेक वस्तू उचलून जागेवर ठेवायला लागले. मिठाचा डबा मिठाच्या जागी, दोर खुंटीला, खाट कढीपत्त्याखाली. बादली शोधून त्यांनी ती हातात घेतली आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली. माघातली अमावस्या जवळ आली होती, मिट्ट काळोख पडला. मी मोबाइलची बॅटरी लावायला गेले तर ते म्हणाले, "राहू दे. लावू नको." त्यांनी चपला काढल्या. मग मला नुसता आवाज ऐकू येत राहिला. आधी सारवलेल्या जमिनीवरचे दबके पाय, मग मुरूम, मग गवती चहाचा वास अंधारात हलका पसरला, मग ती करकर. पाऊल आखडलं. बादली कठड्याच्या डाव्या अंगाला टेकल्याचा आवाज आला. आणि मग विहिरीकडून, साठीला टेकलेल्या माणसाचा, अगदी लहान मुलासारखा झालेला आवाज आला.

"पोचलो वं माय."